लसूणघासाचा हिरवा तुकडा

अल्विना वाइट्झेल एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या पाटावर आली आणि साठ वर्षं पाणी भरत राहिली. खांद्यावर फावडं, पायात रबरी बूट, बांधावर कोबी-खिमा भरलेले पाव गार होतायत, अशीच मी तिला लहानपणापासून पाहिली. तिचा नवरा, रूबेनकाका, गेले त्या दिवशीही पाण्याची पाळी तिची होती. तिने आधी पाणी वळवलं, मग काळे कपडे घातले. तिचे पाण्याचे हिस्से पाटावरचे सर्वांत जुने. प्लॅट नदी आटली की ज्यांचे हक्क मागाहूनचे, त्यांची पाटाची दारं आधी बंद होतात. तिचं कधी झालं नाही.

मग शेजारी खडीची खाण आली. खड्ड्यात जमिनीतलं पाणी चढलं आणि चाळीस एकरांचं तळं झालं. त्या तळ्यातलं जेवढं पाणी ऊन पितं तेवढं नदीला परत द्यायचं, असा आमच्याकडे कायदा. त्यासाठी जुन्या हक्काचं पाणी लागतं. अल्विनामावशीचा मुलगा डॅरेल याने तिला हिस्से खाणीच्या कंपनीला विकायच्या कागदावर सही करायला लावली. आता तिचं पाणी तिच्याच बांधावरून पुढे जातं आणि मोजून नदीत पडतं. अट एकच, तिच्या शेताला यापुढे थेंब मिळणार नाही. लसूणघास आपोआप वाळेल, तोवर काप, असं डॅरेल म्हणाला होता.

शेतकऱ्याचा मुलगा असं बोलतो म्हणजे कमाल झाली. लसूणघासाची मुळं पंधरा फूट खाली जातात. दोन उन्हाळे गेले, वरचं शेत करपलं, पण खालचा तुकडा हिरवागार. मावशीच्या तीन गाई त्यावरच. सप्टेंबरात पाणीखात्याचा तपासनीस आला आणि म्हणाला, ही मुळं जमिनीतलं पाणी पितात, ते नदीचं आहे. औषध फवारून मारून टाका. कंपनीने ऑक्टोबरातला एक सोमवार ठरवला. तळ्यातलं पाणी ऊन प्यायलं तर त्याला योजना म्हणायचं, गाईचा चारा प्यायला तर चोरी. त्या आठवड्यात मला या लोकांसाठी प्रार्थना करता आली नाही, देव क्षमा करो.

आदल्या रविवारी आमच्या देवळात सुगीची उपासना होती. वेदीपुढे बीट, भोपळे, गहू मी मांडते. सर्वांत जुन्या हिश्श्याचा धनी पाटाच्या मुखाशी भरलेली पाण्याची बरणी आणून ठेवतो. आजवर ती वाइट्झेलांनीच आणली. यंदा नव्या धन्याचा मान कंपनीने मागून घेतला, म्हणून खाणीचा व्यवस्थापक लोवेल हर्गर्ट नवा टाय लावून उठला. दहा आज्ञा त्याला मावशीनेच शिकवल्या होत्या.

पाटाच्या पाण्याला तळाशी गाळ बसतोच. या बरणीत गाळाचा कण नव्हता. मावशी जागेवर उभी राहिली.

"लोवेल, कुठे भरलीस रे ही?"

"तळ्यावर, मावशी. मुखापर्यंत सहा मैल कोण जातं? पाणी ते पाणीच."

"म्हणजे हेच पाणी प्यायला म्हणून माझा लसूणघास मारतोस ना?"

मागच्या बाकावर पाटकरी फिसकन हसला. लोवेल कानापर्यंत लाल झाला. पाद्रीबुवांनी घाईने पुढच्या गीताचा आकडा सांगितला.

उपासना संपल्यावर बरणी माझ्या हातात आली. मी मावशीला म्हटलं, चल, तुझ्या शेतातच ओतू. खरंच ओतली असती, इतका राग होता.

"नको," ती म्हणाली. "नदीचं आहे, नदीत ओत. मी चोर नाही, एवढं तरी राहू दे."

आम्ही रविवारच्या कपड्यांतच चिखलात उतरलो आणि ओतली.

सोमवारी उजाडताच तिने तो तुकडा कापला, गाईंना घातला आणि स्वतः ट्रॅक्टरवर बसून नांगर फिरवला. विष पडू दिलं नाही. नऊ वाजता फवारणीची गाडी आली तेव्हा सगळी काळी ढेकळं. गाडीवाला डोकं खाजवत विचारू लागला, फवारू कुठे?

मावशीने तळ्याकडे बोट केलं. "जे अजून पितंय, त्याच्यावर."

गुरुवारी तिन्ही गाई बाजारात गेल्या.