सुलट्या फेऱ्या

"डावीकडून म्हणजे डावीकडून. नाहीतर माझं नाव पाठवू नकोस."

"यशे, हळू बोल. शेजारी ऐकू जातंय."

"जाऊ दे. तीन वर्षं पळताना बघितलंय त्यांनी, आता भांडताना बघू दे."

"आज संध्याकाळपर्यंतच शर्यतीची नावं घेत्यात. मागनं म्हणशील, दादानं पाठवलं न्हाई."

"पाठव की! पण उद्यापासून मी हॉलमध्ये डावा हात आत ठेवून पळणार. आणि हे हॉलवाल्या आजीला तू सांगायचं."

"आन त्यांनी चावी मागून घेतली म्हंजे?"

हे विचारताना महेंद्रची नजर आपोआप भिंतीवर गेली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वडिलांचा, सहादूचा, फोटो होता आणि फोटोशेजारच्या खिळ्याला लाल रिबिनीत ओवलेली एक चावी. सोनईतल्या एका मंगल कार्यालयाची. विमलबाई उंबऱ्याशी गवार मोडत बसल्या होत्या. लेक आणि लेकीकडं न बघता त्या म्हणाल्या, "मी हाय हितं. मेली न्हाई अजून. जरा दमानं."

यशोधरा एकोणतीस वर्षांची. गावातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. हात इतका हलका, की म्हातारी माणसं 'ती पळणारी पोरगी आली का?' विचारून मगच बाही वर करतात. उंची बेताची, पावलं आखूड. मोकळ्या मैदानावर लांब ढांगांच्या पोरी तिला सरळ पट्ट्यात मागं टाकायच्या. शाळेपासून हेच. बक्षीस वाटपाला ती टाळ्या वाजवणाऱ्यांत.

नगरला सुट्टीच्या दिवशी हौशी धावपटूंना पळवणारे भागवत सर आहेत. ते एकदा म्हणाले, "ओडिशात छताखालचा ट्रॅक आहे. फेरी निम्मी, वळणं जवळजवळ. उंच पोरींचे पाय तिथं एकमेकांत अडकतात. तू जाऊन बघ."

ती गेली. पंधराशे मीटर पळाली. छताखालचा ट्रॅक जन्मात पाहिला नव्हता, तरी चौथी आली. परत आली ती गाडीतून उतरल्यापासून बोलतच. "दादा, वारा नाही, ऊन नाही, ढेकळं नाहीत. नुसती वळणं! आणि वळणं माझी आहेत रे."

त्या दिवशी महेंद्रनं आईला सांगून गोड करायला लावलं होतं.

पण पुन्हा जायचं तर वळणांचा सराव पाहिजे, आणि तो कुठं करणार? पाऊस पडला की काळ्या रानात पाय रुतायचा, आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता सोडलेला नव्हता. महेंद्रचं मंडपाचं आणि साऊंडचं काम. त्या मंगल कार्यालयात त्याचं रोजचं येणंजाणं. त्यानं धीर करून मालकाला विचारलं. मालक म्हणाले, "आमच्या म्हातारीला विचार. हॉल तिच्या नावावर हाय."

मालकाची आई गोजरबाई हॉलच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. त्यांनी यशोधराला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पळून काय मिळतं गं?"

"काही नाही आजी. बरं वाटतं."

"बरं वाटतं ना? मग पळ. लगीन नसंल त्या दिवशी पळ. पर एक ऐक. उलटं फिरायचं न्हाई. हितं नवरानवरी फिरत्यात. देवाला मारतो तशा सुलट्या फेऱ्या मार, उजवा हात आत. उलट्या फेऱ्या मयताला मारत्यात."

"व्हय आजी," महेंद्र म्हणाला. लगेच. यशोधरानं तोंड उघडायच्या आत.

घरी येताना ती म्हणाली, "दादा, शर्यतीत सगळे उलटेच पळतात. डावा हात आत."

"फेरी ती फेरी. पाय तेच, फरशी तीच. त्या म्हातारीचं मन कशाला मोडायचं? चावी देती म्हणली बघ. आपल्या घरात!"

त्या 'आपल्या घरात'चा अर्थ तिला लगेच कळला. सहादू तरुणपणी याच वाटेवरच्या लग्नांत पंगत उठेपर्यंत बाहेर थांबायचा, हे दोघांनी ऐकलेलं होतं. चावी खिळ्याला लागली त्या दिवशी विमलबाईंनी ती पदरानं पुसली होती.

मग तीन वर्षं. सकाळी ती आधी फरशीवरच्या अक्षता झाडायची, कारण तांदळावरून पाय सटकतो. खुर्च्यांची चळत मधोमध लावायची आणि तिच्याभोवती पळायची. स्टेजवर प्लॅस्टिक गुंडाळलेली नवरानवरीची सिंहासनं, खांबाला वाळलेला झेंडू, कोपऱ्यात आदल्या दिवशीच्या पंगतीचा आंबूस वास. महेंद्र खांबाला टेकून ओरडायचा, "खांदा पाड! वळणात आत झुक!" ती झुकायची. उजवीकडं.

गोजरबाई चहा घेऊन यायच्या. "दम खा गं बाय. घोड्यावानी पळतीया." तिच्यासाठी बशीत एक बिस्किट राखलेलं असायचं.

एकदा ती न ठरवताच डावीकडं वळली. दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील. गोजरबाई खुर्चीवरून उठल्या, गुडघ्यांवर हात देत, चेहरा पांढराफटक. "पोरी, पुढच्या म्हयन्यात माझ्या नातीचं लगीन हाय गं हितं." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या विनवत होत्या. यशोधरा थांबली. महेंद्रनं दोघींकडं पाहिलं आणि म्हणाला, "चुकून झालं आजी. पुन्यांदा न्हाई होणार."

यंदा ती पुन्हा ओडिशाला गेली. दम पहिल्यापेक्षा दुप्पट होता. बंदूक वाजली, सरळ पट्ट्यात ती सगळ्यांच्या पुढं होती, आणि पहिलं वळण आलं. वळणावर ट्रॅक आतल्या बाजूला कलता. सगळ्या पोरी त्या उतारावर अंग टाकून आरामात वळल्या. तिचं अंग बाहेर निघालं. जणू कोणी खांद्याला धरून उजवीकडं ओढतंय. आतून एक पोरगी गेली, मग दुसरी. पुढच्या वळणावरही तेच. सरळ पट्ट्यात गाठायचं आणि वळणात गमवायचं. शेवटी तिनं दात खाऊन स्वतःला आत रेटलं, तर पाय आतल्या रेघेपलीकडं पडला. सावरली. पुन्हा पडला.

शेवटची आली. रेघ तुडवली म्हणून बादही झाली. ज्या वळणांना ती आपली म्हणाली होती, तिथंच.

घरी आल्यावर ती विमलबाईंना म्हणाली, "आई, मला आता वळताच येत नाही." विमलबाईंना वाटलं, पाय मुरगळलाय. त्यांनी हळद गरम केली.

ही परवाची गोष्ट नाही. महिना होऊन गेला. मधल्या काळात ती एकदाही हॉलवर गेली नाही. आता पुढच्या शर्यतीची नावं घेताहेत. भागवत सरांनी तिला स्पष्ट सांगितलंय, यानंतर ते तरुण पोरींनाच तयार करणार. तिच्यासाठी ही शेवटची.

"दोन महिने आहेत," यशोधरा म्हणाली. "तीन वर्षांचं वळण दोन महिन्यांत निघणार नाही. ते मला कळतंय. पण निदान सुरुवात तरी करू दे."

"मग निघणारच नसंल तर म्हातारीला दुखवायचं कशाला?"

"वा! म्हणजे हरायचं, पण सगळ्यांना बरं वाटेल असं."

"तसं न्हाई म्हणलो."

"मग कसं म्हणलास?"

"तुला काय जातंय? काम माझं हाय त्या हॉलात. मान मला देत्यात. 'महेंद्रभाऊ, बसा' म्हणत्यात."

"आणि मी?"

विमलबाईंनी गवारीची परात बाजूला सरकवली. "मी सांगू का म्हातारीला?"

"तू गप, आई," दोघं एकदम म्हणाली.

बाहेर टेम्पोवाला भाव ओरडत गेला. यशोधरा उठून भावासमोर येऊन उभी राहिली. आवाज खाली आला होता, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतका.

"दादा, भुवनेश्वरहून निघताना भागवत सरांचा फोन आला. मी रडत होते. ते म्हणाले, 'व्हिडिओ बघितला. मला कळेना, तुझं अंग बाहेर कसं जातंय. हॉलमध्ये कशी पळतेस?' मी सांगितलं. तर ते म्हणाले, 'मी महेंद्रला पहिल्याच वर्षी बोललो होतो. म्हणलं होतं, उजवीकडून पळवू नकोस, त्यापेक्षा पळवूच नकोस, अंग वळण धरतं.'"

महेंद्र खिळ्याकडं बघत होता.

"महिनाभर मी वाट बघतेय, तू स्वतः सांगशील म्हणून. बोलले होते का ते तुला?"

महेंद्रनं रिबिनीची गाठ बोटानं चाचपली.

"माझ्याकडं बघ ना. दादा? एवढंच सांग. बोलले होते का?"

महेंद्रनं खिळ्यावरची चावी काढली, रिबिन बोटाला गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकली. आईच्या परातीला वळसा घालून उंबऱ्याबाहेर गेला, चपला पायात सरकवल्या, आणि गोजरबाईंना डावीकडून पळण्याचं सांगायला, नाही म्हणाल्या तर चावीही परत द्यायला, हॉलच्या रस्त्याला लागला.