त्यानं मांडलेली माझी बाजू

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं गाडी काढून दोहाच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या मदिनत अश शमालला जायचो. करक चहाचे दोन कागदी कप घ्यायचे, समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची आणि वाद घालायचा. विषय बहुतेक वेळा एकच असे: माणूस गेल्यावर आत्मा उरतो का? मी तत्त्वज्ञान शिकलेली, दोहातल्या एका शाळेत ग्रंथपाल. तो गॅसच्या प्रकल्पावर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. आमचा एक नियम होता. आपलं मत आपण मांडायचं नाही, समोरच्याचं मांडायचं. नवरा-बायको आपापलं म्हणणं रेटायला लागले की आवाज चढतो, हे लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

माझा आत्म्यावर विश्वास आहे. त्याचा नव्हता. म्हणून आत्मा अमर आहे हे तो सांगायचा, आणि देहाबरोबर सगळं संपतं हे मी.

तो फार सुंदर सांगायचा. अथेन्सच्या तुरुंगात विषाची वाट पाहत मित्रांशी बोलत बसलेल्या म्हाताऱ्याचे मुद्दे त्याला माझ्यापेक्षा चांगले समजले होते. अगदी सारख्या दोन वस्तू जगात कुठेच सापडत नाहीत, तरी 'सारखं' म्हणजे काय हे आपल्याला कळतं; मग ते आपण जन्माआधीच कुठेतरी पाहिलेलं असणार. जे तुकड्यांचं बनलेलं असतं ते मोडतं. आत्म्याला तुकडे नाहीत, तो मोडेल कसा? मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एकदा त्यानं हे सगळं उभं राहून सांगितलं. त्या वर्षी साताऱ्याहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्या पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. गाडीतला नियम कुणालाच माहीत नव्हता. घरचा खेळ, तो चारचौघांत कशाला सांगायचा?

त्याचं स्वतःचं मत तंबोऱ्याचं होतं. त्या म्हाताऱ्याच्या एका शिष्यानं शंका काढली होती की आत्मा म्हणजे तंतुवाद्याच्या तारा जुळल्यावर लागणारा सूर असेल. मिरजेहून आणलेला तंबोरा एसीच्या कोरड्या हवेत सारखा उतरायचा. तो खुंट्या पिळत बसायचा आणि म्हणायचा, "सूर दिसत नाही, त्याला वजन नाही, लाकडापेक्षा तो कितीतरी थोर. म्हणून भोपळा फुटल्यावर उरतो का?"

त्याच्या आजारपणात मी त्याला एकदा विचारलं, "आता काय वाटतं?"

"आता बदललो तर तू म्हणशील, घाबरून बदलला. तसलं मत तुला चालेल?"

"नाही."

"मग झालं. पण सांभाळ हं. मी गेलो की मंडळवाले मला अमर करून टाकतील."

तो गेला. त्याला साताऱ्याला नेलं, विधी तिकडेच झाले. सुट्टी संपल्यावर मी एकटी परत आले. मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"वहिनी, शुक्रवारी श्रद्धांजलीची सभा ठेवतोय. तुम्ही त्यांचाच विषय बोला ना. आत्म्याचं अमरत्व. आईंनाही व्हिडिओवर घेऊ."

"तो त्यांचा विषय नव्हता," मी म्हणाले.

"असं कसं? आम्ही ऐकलंय की! अजून लोक आठवण काढतात. पॉझिटिव्ह ठेवा, वहिनी. आईंना तेवढाच आधार."

आधार होता, हे खरंच. साताऱ्याला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई सांगत होत्या, "माझा लेकच म्हणाला होता, आत्म्याला तुकडे नाहीत." मी तिथेच बसलेली असायचे आणि गप्प राहायचे. त्या घरात, त्या दिवसांत, दुसरं काही शक्य नव्हतं. पण आता मलाच उभं राहून बोलायचं होतं. त्याच्या तोंडी त्याचं नसलेलं मत ठेवून मी खाली बसले असते, तर ज्या माणसाशी मी इतके शुक्रवार वाद घातला तो माणूस उरलाच नसता. त्याच्या जागी एक बरा, सोयीचा माणूस आला असता. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

आईंना चारचौघांत धक्का बसावा हेही नको होतं. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी त्यांना फोन लावला. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मी काहीही मऊ न करता नियम सांगितला, तंबोराही सांगितला.

त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तो सगळ्यांसमोर खोटं बोलला?"

"नाही, आई. तो माझं बोलला."

"तुझं?"

"हो. ते माझं मत आहे. त्यानं माझी बाजू घेतली होती."

"आणि मी महिनाभर लोकांना त्याचं म्हणून सांगत फिरतेय! तू ऐकत होतीस."

"होते."

"कार्टा," त्या म्हणाल्या. शिवी त्याला होती की मला, कळलं नाही. त्या रडत होत्या. मी फोन ठेवला नाही. मग नाक पुसल्याचा आवाज आला. "लहानपणीसुद्धा असाच. स्वतःचं गणित सोडून शेजारच्याचं सोडवायचा. बरं, उद्या काय बोलणार आहेस?"

"त्याचं. तंबोऱ्याचं. नियमानं तेच माझ्या वाट्याला येतं."

"आणि तुझं कोण बोलणार?"

घरात तंबोरा होता, पुस्तकं होती, पण माझी बाजू घेणारं कुणी नव्हतं. फोन हातात धरून मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकले. तो गेल्यापासून इतकं स्पष्ट काही कळलं नव्हतं.

"मी बोलते," आई म्हणाल्या. "दिवाळीला नीट ऐकलंय मी. तो बोलला तसं नाही जमणार, पण बोलेन. तू माझ्या लेकाचं नीट मांड. उगाच कच्चं ठेवू नकोस, मला वाईट वाटेल म्हणून."

"नाही ठेवणार."

"आणि सेक्रेटरीला सांग, पाच-दहा मिनिटांत आटपणार नाही म्हणावं."

सभेत मी तंबोऱ्याचं सगळं मांडलं. लोक चुळबुळले. सेक्रेटरींनी मान खाली घातली. मी थांबले नाही. शेवटी म्हणाले की सूर वाद्याबरोबर संपतो असं त्याला वाटत होतं, आणि ते त्यानं न घाबरता मानलं.

मग पडद्यावर आईंनी चष्मा वर सरकवला. "माइक चालू आहे ना? सूनबाई, तार ढिली पडली की सूर उतरतो, बरोबर? सूर तारेला उलट बोलू शकत नाही. माझ्या लेकाच्या अंगात शेवटी काही उरलं नव्हतं. सगळ्या तारा उतरल्या होत्या. तरी तो तुझ्याशी वाद घालत होता, घाबरत नव्हता. तो जर नुसता सूर होता, तर शरीर उतरल्यावर तो का उतरला नाही? दे उत्तर."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याच बाजूचा मुद्दा होता तो, आणि मला तो खोडून काढायचा होता. मी पाण्याचा घोट घेतला आणि उठून उभी राहिले.