टेंभेकरांची वाइन-तपासणी

महाळुंग्याच्या एका कारखान्यात मधुसूदन टेंभेकर बावीस वर्षं माल तपासतात. त्यांनी नापासाचा लाल स्टिकर लावलेला सुटा भाग पुढे गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. हौसेने लावलेला वाइनचा अभ्यासक्रमही त्यांनी त्याच खाक्यात घेतला. येत्या रविवारी चव ओळखण्याची परीक्षा होती, आणि आपण पहिला नंबर काढणार असं त्यांनी अख्ख्या खात्यात सांगून ठेवलं होतं.

सरावासाठी अभ्यासगटातले तिघे त्यांच्या संत तुकाराम नगरातल्या घरी जमले. पाच वाइन नाव न बघता ओळखायच्या, म्हणून ओतायचं काम बायकोकडे, मृदुलाकडे होतं. तिने प्रत्येकापुढे नंबर घातलेले पाच ग्लास ठेवले, तळाला दोन-दोन घोट.

टेंभेकरांनी तपासणीचा तक्ता भरला. दुसरीत जांभूळ, चौथीत ओलं लाकूड, पाचवी सपशेल नापास.

"पाचवीला मशीनच्या तेलाचा वास मारतोय, राव."

"मलाही आला," सलिल म्हणाला. तो गटात सर्वांत धाकटा.

"मृदुला, आण आता बाटल्या."

तिने एकच रिकामी बाटली आणली. "पाच फोडल्या असत्या तर अर्धवट उरलेल्या कुठे ठेवायच्या? देव्हाऱ्याखाली? पाचही ग्लासांत हीच आहे."

टेंभेकरांनी तक्ता पुन्हा वाचला. एकच भाग पाचदा मोजून पाच वेगळे आकडे दाखवणारं मोजमापाचं उपकरण ते कारखान्यात त्याच दिवशी बाद करतात. त्यांनी बॅगेतून लाल स्टिकर काढला आणि स्वतःच्या नाकावर चिकटवला.

सलिलने हात पुढे केला. "मलाही एक द्या."