ईशान्येची खिडकी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. ती फक्त एका माणसाला ठाऊक आहे, आणि तो आता दुसऱ्यांची घरं बांधण्यात गुंतला आहे. तुम्ही माझं लिहिणं वाचलं असेल तर मी तुम्हाला ठाम मुलगी वाटत असेन. पत्रकं लिहिते, सभेत उभी राहते, माइक चालू आहे की नाही तेही बघत नाही. तशी मी आहेही. म्हणूनच तर हे सांगणं जड जातंय — कारण ज्या बाबतीत मी सगळ्यात मोठ्यानं बोलले, त्याच बाबतीत — थांबा. आधी तुम्हाला आमचं जुनं स्वयंपाकघर दाखवते.

वडनेर भोलजीला आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत चूल, पुढं गॅस आला तेव्हा विटांवर फरशी टाकून केलेला ओटा. खिडकी नाही. ओट्यासमोर हातभर अंतरावर धुरानं काळी झालेली भिंत, आणि तिच्याकडे तोंड करून उभी असलेली माझी माय. बाबा खामगावच्या एका छापखान्यात होते. वाकडी छापलेली, शाई फुटलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि माय ती फळ्यांवर, डब्यांखाली अंथरायची. मी अक्षरं शिकले ती तिथंच. मिठाच्या बरणीखाली ‘जागे व्हा’. तिखटाच्या डब्याखाली ‘अंधश्रद्धा गाडा’. मायला वाचता यायचं नाही. ती विचारायची, “हयदीखाली काय लिवलं हाय वं?” आणि मी ओरडून वाचायची. माझ्या आवाजाला धार आली असेल तर ती त्या फळ्यांवर आली.

बाबा निवृत्त झाले आणि मलकापूरला गावाच्या टोकाला प्लॉट घेतला. समोर, उत्तरेला, रस्ता. मुहूर्त पाहिला नाही, नारळ फोडला नाही, बुद्धवंदना घेऊन काम सुरू केलं. रहीम मिस्त्रींनी पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर रेघा मारल्या. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “स्वयंपाकघर कुठं आणि कसं, ते माय ठरवील.” बाईच्या कष्टांवर मी नुकतंच लिहिलं होतं ना. मला वाटलं, मी तिला काहीतरी देते आहे.

माय बराच वेळ रेघांच्या बाहेरच उभी राहिली. मग तिनं चपला काढल्या — मोकळ्या जमिनीवर, नुसत्या फक्कीच्या रेघेबाहेर, उंबरठ्याबाहेर काढाव्यात तशा — आणि आत गेली. रस्त्याकडे तोंड केलं की उजव्या हाताला येणाऱ्या पुढच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

“हितं.”

बाबा हसले. “अवं, समोर तं बैठक असते.”

“बैठकीत बसून तुमी करता काय? पेपरच वाचता ना? थो मांगं बसूनबी वाचता येते.”

मिस्त्रीसुद्धा हसले. माय हसली नाही. तिनं विटा उचलायला सुरुवात केली. एक वीट इथं, दोन तिथं — हा ओटा, ही मोरी, हे पिंप. पिठाचा डबा डाव्या हाताला, कारण भाकर थापताना उजवा हात पाण्यात असतो. ओट्याची उंची तिनं स्वतःच्या कोपरापासून खाली वीतभर मोजली. आणि मग ती तिथं स्वयंपाक करू लागली.

हे कसं सांगू? हातात काही नव्हतं. ती वाकली, पीठ घेतलं, पाणी घेतलं, मळलं. वळून तवा ठेवला. दोन पावलं मागे जाऊन मीठ घेतलं, थांबली, मान हलवली, मिठाची वीट उचलून जवळ ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. उन्हात, मोकळ्या प्लॉटवर, फुफाट्यात. मला तवा दिसला. खरंच दिसला. भाकर फुगलेली दिसली. इतकी वर्षं माझ्या पाठीमागं जे चालू होतं ते किती मोठं होतं हे मला त्या दिवशी कळलं. मी सभांमधून ‘श्रम’ हा शब्द कितीदा उच्चारला असेन! त्याच्याकडे पाहिलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

शेवटी तिनं रस्त्याकडे दोन्ही हात पसरले. “अन् हितं खिडकी. मोठी. साऱ्या जिंदगीभर भिंतीसंगं बोलली मी. आता मले माणसं दिसले पाह्यजेत. कोन आलं, कोन गेलं. येनाऱ्याले मी दिसली पाह्यजे.”

एवढंच मागितलं तिनं. संपूर्ण घरात तिची मागणी एवढीच.

आता पुढचं.

मी तेव्हा खामगावला एका कॉलेजात शिकवायला जात होते. मधल्या सुट्टीत मोबाइलवरचा नकाशा एका सहकारी बाईंना दाखवला — फुशारकीनंच. त्यांनी चष्मा वर केला. “ईशान्येला अग्नी? अगं, हे घरच्या कर्त्या माणसावर जातं.” काळजीनं म्हणाल्या त्या. टोमणा असता तर मी त्यांना तिथल्या तिथं गप्प केलं असतं. वास्तुशास्त्राच्या विरोधात मी स्वतः पत्रक लिहिलं होतं — ‘दिशांना भूक लागत नाही’. बाबांनी ते मलकापूरच्या स्टेशनवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात वाटलं होतं. कुणी घेईना तर ते त्याच्या खिशात खुपसायचे आणि म्हणायचे, “माह्या पोरीनं लिवलं हाय.”

पण त्याच उन्हाळ्यात बाबांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते.

घरचा कर्ता माणूस. कळतंय ना तुम्हाला? मला माहीत होतं की हे थोतांड आहे. मला त्याची सगळी उत्तरं पाठ होती, मीच तर लिहिली होती. आणि तरीही बाबा जिना चढताना थांबले की मी कोपरा मोजायचे. बाबांना घाम आला की मला ईशान्य दिसायची. भीतीला युक्तिवाद कळत नाहीत, असं मी म्हणू शकते. पण ते खरं नाही. भीती सगळ्यांनाच असते. मी तिच्यासाठी कुणाचा बळी दिला, ते महत्त्वाचं आहे.

एका दुपारी माय-बाबा वडनेरला गेलेले असताना मी प्लॉटवर गेले. मिस्त्रींना म्हटलं, स्वयंपाकघर मागं घ्या, आग्नेयेच्या कोपऱ्यात. बैठक समोर.

“अम्मा को पूछा?”

“त्यांना सांगा, समोरून नालीला उतार मिळत नाही.”

त्यांनी हातातली थापी खाली ठेवली. “उतार तो बराबर है, बेटी.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं. “पण तसंच सांगा.”

त्यांनी थापी पुन्हा उचलली. माझं पत्रक त्यांच्याही खिशात गेलेलं होतं. “घर आपका है,” म्हणाले.

पण सांगायची वेळ आली तेव्हा ते बोललेच नाहीत. तोंडात सुपारी टाकून पाइप पाहत बसले. मग मलाच बोलावं लागलं. मायसमोर उभी राहून, हातात नकाशा धरून, मी उतार समजावला. इंच, फूट, पाइपाचा व्यास. तिनं सगळं ऐकून घेतलं. एकदा रस्त्याकडच्या नालीकडे पाहिलं. मग म्हणाली, “तू शिकेल हायेस बाई. तुले समजते.”

जिनं मला शिकवता यावं म्हणून कित्येक वर्षं पायात चप्पल घातली नाही, तिच्यासमोर मी ते शिक्षण असं वापरलं.

ती विटा उचलू लागली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, “राहू दे, हात खराब होतीन.” कोपऱ्यातून कोपऱ्यात, ओटा, मोरी, पिंप, सगळं तिनं स्वतः वाहून नेलं. तिथं पूर्वेकडे खिडकी निघाली, पण तिच्यातून शेजाऱ्यांची बिनरंगाची भिंत दिसते. हातभर अंतरावर.

आणि मग मायनं जे केलं ते पाहून मी आजही थक्क आहे. ओटा तिनं दक्षिणेच्या भिंतीला घ्यायला लावला. मिस्त्रींना म्हणाली, ओट्यावरच्या भिंतीला फरशा लावू नका, जागा सोडा. वडनेरच्या जुन्या लोखंडी कपाटाचा उभा आरसा तिनं काढून आणला आणि त्या जागी आडवा बसवून घेतला.

“काऊन वं, ब्यूटी पार्लर काढतं का आता?” बाबा म्हणाले.

तिनं स्वयंपाकघराचं दार उघडलं, बैठकीचं दार उघडलं, रस्त्याकडचं दार उघडलं, आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली. तीन दारं मिस्त्रींनी एका रेषेत धरली होती, की तिनंच त्यांना धरायला लावली होती, मला माहीत नाही. आरशात रस्ता होता. सायकली, शाळेची पोरं, भाजीची गाडी — सगळा रस्ता तिच्या तव्यावर चालत होता.

खरं सांगायचं तर तेव्हाही मी घाबरले. दक्षिणेकडे तोंड करून स्वयंपाक! तेही त्या शास्त्रात वाईटच. मी गप्प राहिले. ते धाडस नव्हतं. या वेळी मला खोटं सुचलं नाही, इतकंच.

घर झालं तेव्हा माणसं जेवायला आली. त्यातल्या एका गुरुजींनी स्वयंपाकघरात डोकावून मान डोलावली. “अगदी आग्नेयेला! पाहून बांधलेलं दिसतं.”

बाबा एवढ्या मोठ्यानं हसले की मला त्यांच्या छातीची काळजी वाटली. “अहो गुरुजी, आमच्या घरात दिशा कोन पाह्यते? माह्या पोरीनं नालीचा उतार पाह्यला! उतार! इचारा तिले.”

सगळे माझ्याकडे वळले. मी वर पाहिलं आणि आरशात मायचे डोळे दिसले. ती भाकर थापत होती. हात थांबला नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्यावर गेली.

“कोनी तरी आलं पाय,” ती म्हणाली. “ताट वाढ.”

बाबा ठणठणीत आहेत. आणि माझ्या आत कुठंतरी एक बाई बसलेली आहे, जी याचं श्रेय त्या कोपऱ्याला देते. तिला मी अजून बाहेर काढू शकलेले नाही. ‘दिशांना भूक लागत नाही’ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा बाबांनी गठ्ठा मागितला. मी दिला.

समोरच्या कोपऱ्यात खिडकी मोठी झाली आहे. मायनं हात पसरून दाखवली होती तेवढी. तिथं आता बाबांची खुर्ची असते. उजेड चांगला येतो म्हणून ते खिडकीकडे पाठ करून बसतात आणि पेपर वाचतात.