झालं, पुसलं, वाळलं

वहिनीने पुसलेल्या फरशीवर ती वाळेपर्यंत पाय ठेवायची कुणाची टाप नव्हती. एकदा तिने कुलगुरूंनाही दारात थांबवलं होतं. फरशी पुसणं म्हणजे पाणी फिरवणं नव्हे. ती फडकं दोनदा पिळायची, मागे सरकत यायची, कोपरे हाताने घ्यायची. मग कंबर सरळ करून म्हणायची, "झालं, पुसलं, वाळलं." भांडण मिटलं, लग्न जमलं, दात उपटला, काहीही संपलं की तिचं हेच.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. विद्यापीठात विज्ञान विभागाची इमारत झाडायला-पुसायला तिच्याकडे होती. मी तिथेच नळकाम करायचो.

त्या इमारतीच्या स्वच्छतागृहात तिला एक मुलगी रडताना सापडली. संशोधन करत होती. तिचे मार्गदर्शक सर प्रबंध तपासायचा म्हणून तिला संध्याकाळी थांबवून घेत, आतून कडी लावत, अंगाला हात लावत. तोंड उघडलंस तर पदवी विसर, असंही बजावलेलं. अशा तक्रारींसाठी विद्यापीठाने पाटी लावून एक फोन नंबर दिला होता. नाव सांगायचं नाही, फक्त बोलायचं. पलीकडे रेकॉर्ड व्हायचं.

"पण सर माझा आवाज ओळखतील," मुलगी म्हणाली.

"माझा तर नाही ना ओळखणार?" वहिनी म्हणाली.

तिने मुलीकडून सगळं ऐकलं, पुन्हा ऐकलं, पाठ केलं आणि घरून फोन लावला. मी आणि भाऊ समोर बसलो होतो. सगळं नीट, न अडखळता सांगितलं. शेवटी कंबर सरळ केली आणि बोलून गेली, "झालं, पुसलं, वाळलं."

फोन ठेवला आणि तिने कपाळावर हात मारला.

"तोंडाला कुलूप नाही हिच्या," भाऊ म्हणाला.

"तिच्या नावाला आहे," ती म्हणाली.

तक्रारी ऐकणाऱ्या समितीतल्या कुणीतरी शेवटचं वाक्य ओळखलं आणि ते रेकॉर्डिंग आमच्या देखभाल विभागाच्या साहेबांना ऐकवलं. त्यांनी वहिनीला बोलावलं तेव्हा मी त्यांच्याच बेसिनखाली आडवा होऊन गळका पाइप काढत होतो. बेसिनखालच्या माणसाकडे कुणी बघत नाही.

"हा आवाज तुझा."

"माझाच."

"मुलगी कोण?"

"नाव सांगू नका, असं तुमच्याच पाटीवर लिहिलंय. मी पाटी पाळली."

"नाव दे. नाहीतर झाडूवालीच्या गप्पा म्हणून फाइल बंद होईल आणि खोट्या तक्रारीसाठी तू घरी बसशील. सोमवारपर्यंत विचार कर."

"सोमवार कशाला? ते नाव मला ठेवायला दिलंय, वाटायला नाही."

मी पान्याला जरा जास्तच जोर लावला. आटे बिघडले. ते पुन्हा करावं लागलं.

मुलीच्या कानावर हे गेलं. ती धावत आली. "मावशी, मीच समोर येते. तुमची नोकरी नको जायला."

"तू प्रबंध लिही. माझी काळजी करायला मला नवरा आहे. तोसुद्धा करत नाही."

वहिनी रोज कामावर जात राहिली. फडकं दोनदाच पिळत राहिली. एकदा पिळून भागवलं असतं तर त्या आठवड्यात तिला कुणी बोललं नसतं.

ती मुलगीही गप्प बसली नाही. त्या सरांकडे पूर्वी शिकून गेलेल्या मुलींना तिने गाठलं. सोमवारच्या आत त्या नंबरवर फोनामागून फोन आले. कुणी परगावाहून, कुणी तान्हं मूल मांडीवर घेऊन बोललेली. प्रत्येकीने आपापलं, स्वतःवर गुदरलेलं सांगितलं. नाव कुणीच दिलं नाही. पण त्या इमारतीत शिकलेल्या प्रत्येकीला वहिनीची फरशी आणि तिचं ते वाक्य ठाऊक होतं. प्रत्येकीने शेवट एकच केला: झालं, पुसलं, वाळलं.

आता वहिनीने जिच्यासाठी फोन केला ती यातली कोणती? कुणालाच सांगता येईना. आणि एवढ्या सगळ्या जणी काही झाडूवाल्या नव्हत्या. फाइल उघडी राहिली. सरांना निलंबित करून चौकशी बसवली. चौकशीअंती त्यांची नोकरी गेली.

साहेबांनी वहिनीची बदली ग्रंथालयात केली. तिथे सगळे जिनेच जिने. जिना पुसणं फरशीपेक्षा दुप्पट मेहनतीचं. वरून खाली यावं लागतं, पाठ मोडते. निवृत्त होईपर्यंत तिने ते केलं.

परवा तिच्या घरी गेलो आणि दारातूनच विचारलं, "वहिनी, आता तरी सांग. ती मुलगी कोण होती?"

"भाऊजी, जन्मभर गळती बंद करत होतात ना?"

"हो."

"मग आता म्हातारपणी सुरू कशाला करताय?"

मी पाऊल उचललं.

"थांबा तिथेच," ती म्हणाली. "फरशी ओली आहे."