तिसरं बटण

वसतिगृहाच्या जिन्याखाली बटणमावशींचं साम्राज्य होतं: एक टेबल, एक इस्त्री आणि सुईदोऱ्याचा डबा. शर्टांना इस्त्री करणं हे काम, सैल बटण दिसलं की न सांगता पक्कं करणं हा स्वभाव. "शर्ट फाटेल, पण माझं बटण निघायचं नाही," असं त्या ऐटीत सांगत. दोन शर्टांच्या बाबतीत ते खरंही ठरलं होतं.

यंदा पहिल्या वर्षाची पोरं कपडे न्यायला येत ती मान खाली घालून, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. एक झाला, दहा झाले. मावशींचा जीव कासावीस.

"अहो, माझ्या हाताला काहीतरी खोट आलीय," त्यांनी घरी नवऱ्याला सांगितलं.

"चष्मा बदल," नवरा म्हणाला. दाढदुखीवरही त्याचं हेच औषध.

मावशींनी साठ शर्टांची तिसरी बटणं उसवून दुहेरी दोऱ्याने लावली. तरी माना खालीच! शेवटी एका काटकुळ्या पोराची त्यांनी हनुवटी धरली. "बाळा, काय वाकडं दिसतंय ते सांग की रे!"

पोराला रडूच फुटलं. "बटणाचं नाही हो, मावशी. तिथून नजर हलली की सीनियर मारतात. मी संध्याकाळच्या गाडीने घरी चाललोय, कायमचा. कुणाला सांगू नका."

बटण निर्दोष सुटलं म्हणून मावशींना आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच एवढी शरम वाटली, की इस्त्री शर्टावर तशीच राहिली. जळका शर्ट नेमका प्राचार्यांचा. तोच घेऊन त्या तडक प्राचार्यांकडे गेल्या.

"आपल्याकडे रॅगिंग नाही," प्राचार्य म्हणाले. "एकही तक्रार नाही."

"साहेब, ज्याला मान वर करायची बंदी, तो कुणाच्या तोंडाकडे बघून तक्रार करणार? चला माझ्याबरोबर. खोटं निघालं तर मला कामावरून काढा."

जिन्याखाली टांगलेल्या शर्टांमागे प्राचार्य तासभर उभे राहिले. बूट खालून स्पष्ट दिसत होते, पण पोरं बटणाकडे बघत होती आणि सीनियर त्या पोरांकडे. तिसरी थोबाडीत बसली ती काटकुळ्याला. प्राचार्य बाहेर आले. "किती दिवस चाललंय हे?"

मावशी काटकुळ्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "बोल. मी आहे."

त्याने मान वर केली आणि एकेक नाव घेतलं. पाच सीनियर निलंबित झाले. संध्याकाळची गाडी त्याला न घेताच गेली.

मावशी आता रॅगिंगविरोधी समितीवर आहेत. पहिल्याच बैठकीत एक प्राध्यापक म्हणाले, "थोडी मस्करी चालायचीच."

"मस्करीत दोघं हसतात, सर," मावशी म्हणाल्या. "एकटाच हसत असेल तर तो छळ."

ते वाक्य वसतिगृहाच्या दारावर रंगवलंय. खाली बायकोचं नाव घातलं नाही म्हणून नवरा अजून रंगाऱ्याशी बोलत नाही.