भोक नसलेले मणी

कोल्हापूरच्या ताराराणी चौकातून मुंबईची लक्झरी सुटली तेव्हा आई रडली नाही. साल १९९९. नवऱ्याला जपानमध्ये, नागोयाच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि मी त्याच्यामागून निघाले होते. माझे वडील, आण्णा, खिडकीखाली उभे राहून ड्रायव्हरला ‘पोरीला नीट पोचवा’ म्हणून बजावत होते, जसं काही पुढे विमानही तोच चालवणार होता. आई एवढंच म्हणाली, "फोनवर रडू नको. रडलीस की तू काय बोलतीस ते मला कळत न्हाई." पेठनाक्यापर्यंत, म्हणजे तासभर, मी हसत गेले, आणि तिथून पुढे रडत. तुमच्यातले जे असे कुठून कुठून निघालेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मागे राहिलेल्यांचं त्यानंतर काय होतं, ते मात्र आईला विचारायचं मला कधी सुचलं नाही.

नागोयात मी पुष्कळ काही शिकले. कचऱ्याचे प्रकार, त्यांचे वार, कुणापुढे किती वाकायचं, जिन्यात किती हळू बोलायचं. कोल्हापूरच्या माणसाला हे शेवटचं सगळ्यात अवघड. मग ईरा झाली. घरी आम्ही मराठीच बोलायचो आणि तिला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जपानीत. मी मराठीत रागवायची, ती जपानीत वाद घालायची, आणि आमचं भांडण अगदी व्यवस्थित पार पडायचं.

ईरा सहा वर्षांची असताना आई तीन महिन्यांसाठी आली. आण्णांचं धान्याचं दुकान, ते बंद ठेवायला ते तयार नव्हते, म्हणून एकटीच आली. मी किती स्वप्नं रंगवली होती! प्रत्यक्षात ईरा आजीला बघितलं की दाराआड जायची. ‘हो आजी’, ‘नाही आजी’ यापलीकडे गाडी सरकेना. असा दीड महिना गेला. एक दिवस पोळ्या लाटताना आई म्हणाली, "माझी नात माझ्याशी पावण्यावाणी वागती." तक्रार नव्हती तिच्या आवाजात, तेच मला जास्त लागलं. आई पुन्हा इतक्या लांब येईल याची काही खात्री नव्हती. या तीन महिन्यांत दोघींचं जमलं नाही तर पुढे कधी जमणारच नव्हतं, आणि तो दोष माझाच असणार होता.

त्याच आठवड्यात खेळण्यांच्या दुकानात मला मण्यांची एक पेटी दिसली. खाचांच्या ताटलीत मणी मांडायचे, त्यावर पाणी फवारायचं, की ते एकमेकांना चिकटतात. तासाभराने वाळलं की चित्र उचलून घ्यायचं. मी ती पेटी घेतली ती केवळ मण्यांमुळे. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दारावर मण्यांचं तोरण असायचं, आणि आमच्या घरी तर तो सगळ्यांचा उद्योग होता. दुकानातून आल्यावर आण्णा परातीत रंग निवडत बसायचे, मी आणि भाऊ तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कापून द्यायचो, आणि आई सुईने ओवून पोपट करायची. दर दिवाळीला ते पोपट रिठ्याच्या पाण्यात भिजवून धुतले जायचे आणि नव्यासारखे लखलखायचे.

मी पेटी आईपुढे ठेवली. तिने आपल्या पिशवीतून सुई-दोरा काढला (तो ती कोल्हापूरहून घेऊन आली होती, काय सांगावं!), चष्मा चढवला, आणि एक मणी फिरवून फिरवून बघितला. दुसरा बघितला. मग म्हणाली, "ह्येला भोकच न्हाई की."

दाराआडून ईरा खुदकन हसली. बाहेर आली, आजीच्या हातातली सुई काढून घेतली, आणि तिचं बोट धरून एकेक मणी खाचेत कसा बसवायचा ते दाखवू लागली. एरवी कुणाचं न ऐकणारी माझी आई सहा वर्षांच्या पोरीचं निमूटपणे ऐकत होती. त्यानंतर शाळेतून आली की ईरा थेट आजीकडे. मी मुद्दामच स्वयंपाकघरात राहायची. आठ दिवसांत खिडकीत आठ पोपट उभे राहिले.

आणि मग दिवाळी आली. ईरा शाळेत गेली होती, मी बाजारात. आईने विचार केला, सणाला पोपट स्वच्छ हवेत. तिने ते परातीत कोमट पाण्यात भिजत घातले. मी आले तेव्हा परातीत एक हिरवा-लाल चिकट गोळा होता आणि आई त्याच्यापुढे कपाळाला हात लावून बसली होती. पाण्यानेच जोडलेले मणी पाण्यानेच सुटतात, हे तिला सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात ईरा आली. परातीकडे बघत उभी राहिली. आता ही पुन्हा दाराआड जाणार, आणि आईला जायला तर दोनच आठवडे उरलेले.

"चुकलं गं माझं," आई म्हणाली.

ईराने दप्तर काढलं, उरलेल्या मण्यांची पेटी आणली, आजीच्या मांडीला मांडी लावून बसली आणि ताटलीत हिरवे मणी ठेवायला लागली. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." दहावर येऊन ती अडली आणि तिने आजीकडे बघितलं.

"हन्नोंदु," आई हळूच म्हणाली.

मी बघतच राहिले. हे कानडी होतं. आईचं माहेर चिकोडीच्या पलीकडचं, हे मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून कानडी शब्द मी कधी ऐकला नव्हता. मणी ओवताना तिचे ओठ हलायचे, तेव्हा ती जप करते असं आम्हाला वाटायचं. ईरा पोपट करताना तिला चिकटून बसायची, म्हणून तिला ऐकू आलं.

मी विचारलं, आम्हाला का नाही शिकवलंस? आईने मान वर केली नाही. "लगीन होऊन आले तवा माझ्या बोलण्याला सगळी हसायची. तुमाला कुणी हसू नये म्हणून गप बसले. पर मणी मोजायला मराठी आकडं घेतलं की हात चुकतो, आजून बी."

आमच्या घरातून परमुलखात जाणारी पहिली मीच, असं मी इतकी वर्षं समजत होते. आई माझ्याआधी गेली होती, आणि तिला तर रडू नको म्हणायलाही फोनवर कुणी नव्हतं. तरी मला जाऊ नको असं ती एकदाही म्हणाली नाही. तिचे उपकार मी कसे मानू, मला खरंच कळत नाही.

मीही खाली बसले. आईने लाल मणी माझ्यापुढे सरकवले. "तू बी मोज की. हितं कोण हसतंय?"

मी मोजायला लागले आणि चौथ्यालाच चुकले. दोघी पोट धरून हसल्या. घर कुठलं असं आता कुणी विचारलं की मी कोल्हापूर म्हणते, कधी नागोया म्हणते. पण मनात असतं ते हेच, की जिथे आपण चुकलो की आपलीच माणसं हसतात आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही, ते घर.